कॅमेऱ्याचा विमा मिळतो, प्रवासाचाही मिळतो; प्रवासातल्या कॅमेऱ्याचा का नाही?

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद,
तसेच देशातील सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांचे प्रमुख

विषय : परदेशात दीर्घकाळ काम करणाऱ्या छायाचित्रकारांच्या साहित्याचा विमा



मी पुण्यात राहणारा आणि कॅमेऱ्यावर पोट भरणारा माणूस. आमच्यातले कित्येक जण जुलै ते ऑक्टोबर केनियातल्या मसाई मारात असतात. कुणी माहितीपटासाठी सहा-सहा महिने देशोदेशी हिंडतात. पाठीवरच्या बॅगेची किंमत बऱ्याचदा दारातल्या चारचाकीपेक्षा जास्त असते. सहाशे मिलिमीटरची एफ/४ लेन्स एकटीच दहा लाखांच्या पुढे जाते. चारचाकी विम्याशिवाय रस्त्यावर आणू देत नाहीत आणि या बॅगेला विमा मागितला तर मिळत नाही, असा हा प्रकार आहे.

परदेश प्रवासाच्या पॉलिसीत सामानाचं संरक्षण असतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. अटी वाचल्या की घाम फुटतो. बहुतेक पॉलिसींमध्ये विमान कंपनीकडे सोपवलेली बॅग हरवली, तरच भरपाई मिळते. त्यातही ‘मौल्यवान वस्तूं’ची यादी असते, तिच्यात दागिन्यांच्या शेजारी छायाचित्रणाचं साहित्य बसवलेलं असतं, आणि ती यादी एक तर वगळलेली असते किंवा नाममात्र रकमेवर आटोपलेली असते.

आता विमान वाहतुकीचे नियम पाहा. सुट्या लिथियम बॅटऱ्या सोपवायच्या बॅगेत टाकायला बंदी आहे. त्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. १०० वॅट-अवरपर्यंतच्या परवानगीशिवाय आणि १०० ते १६० पर्यंतच्या कंपनीच्या संमतीने, फार तर दोन. नाजूक, महागडी यंत्रं सोपवू नका, असं विमान कंपन्याही बजावतात. म्हणजे नियम पाळून कॅमेरा हातात नेला तर पॉलिसी लागू नाही. सोपवला तर वगळलेल्यांच्या यादीत, आणि विमान कंपनीची जबाबदारी मॉन्ट्रियल कराराने बांधलेली : डिसेंबर २०२४ पासून प्रवाशाच्या सगळ्या सामानाला मिळून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), ढोबळ मानाने पावणेदोन लाख रुपये. इकडे आड, तिकडे विहीर.

‘ऑल रिस्क’ पॉलिसी आहे की, असं आपण म्हणाल. आहे, आणि दागिने, कॅमेरे यांच्यासाठी ती वर्षानुवर्षं विकली जाते. पण तिची हद्द सहसा भारतापुरती. जादा हप्ता भरून जगभर वाढवण्याची सोय कागदावर असली, तरी ती देणं न देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर. एका शाखेत मी यादी, बिलं, अनुक्रमांक सगळं टेबलावर ठेवलं. साहेबांनी चष्मा वर सरकवून विचारलं, “हे सगळं घरीच ठेवणार ना? मग आत्ता करून देतो.” केनियाचं नाव काढताच फाइल मिटली. वार्षिक प्रवास पॉलिसी घ्यावी, तर प्रत्येक फेरीला ३०, ४५ किंवा ६० दिवसांची मर्यादा. सहा महिन्यांच्या चित्रीकरणाला ती काय पुरणार!

परदेशी कंपन्यांना बहुधा त्यांच्याच देशातला रहिवासी हवा असतो. शिवाय भारतातल्या मालमत्तेचा विमा परदेशी कंपनीकडे उतरवायला १९३८च्या विमा कायद्याच्या कलम २ सीबीनुसार प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. नियमाबद्दल तक्रार नाही. पण बाहेरचं दार लावणाऱ्याने घरात सोय करायला हवी.

१९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी स्वतःच्या विमा पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं आणि विल्यमसन कॅमेरा मिळवला. पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. ‘राजा हरिश्चंद्र’च्या कॅमेऱ्यामागे विम्याचा पैसा होता, हे विमा क्षेत्राने अभिमानाने सांगावं, आणि आजच्या कॅमेऱ्यांकडेही पाहावं.

विमा कंपन्यांना वाटणारी फसवणुकीची भीती मला समजते. घरबसल्या लेन्स विकून ‘चोरीला गेली’ म्हणणारे महाभाग असतीलच. पण त्यावरचा उपाय सरकारच्याच टेबलावर तयार आहे. परत येताना शुल्काचा प्रश्न उद्भवू नये म्हणून आम्ही निघताना विमानतळावर सीमाशुल्क खात्याकडून निर्यात प्रमाणपत्र घेतो. तिथला अधिकारी कॅमेरा उलटा करून तळावरचा अनुक्रमांक कागदाशी ताडून पाहतो, मगच शिक्का मारतो. फिक्कीकडून एटीए कार्नेट, म्हणजे साहित्य तात्पुरतं परदेशी नेण्याचा सीमाशुल्क दस्तऐवज, घेतलं तर त्यातही प्रत्येक वस्तूची नोंद असते आणि ते वर्षभर चालतं. इतकी तपासलेली यादी दुसऱ्या कुठल्या मालमत्तेची मिळेल? तीच पॉलिसीला जोडा.

आमच्या मागण्या अशा :

१. सलग बारा महिन्यांपर्यंत, जगभर लागू होणारी आणि व्यावसायिक वापर मान्य करणारी एक प्रमाणित पॉलिसी प्राधिकरणाने आखावी.

२. हातातलं सामान, हॉटेलची खोली आणि भाड्याची गाडी तिच्यात असावी. गाडीची काच फुटल्याच्या खुणा असतील तरच भरपाई, ही अट उघड्या सफारी जीपला लावू नये. तिला बाजूच्या काचाच नसतात.

३. किंमत सुरुवातीलाच ठरवून लिहावी. दाव्याच्या वेळी घसारा कापत बसू नये.

४. पोलिसांकडे २४ तासांत नोंद करण्याची अट दुर्गम भागासाठी शिथिल करावी. दाव्याची पाहणी व्हिडिओ कॉलवर आणि कागदपत्रांवर व्हावी.

५. या पॉलिसीचं ग्राहक माहितीपत्रक मराठीतही मिळावं, आणि काय वगळलं आहे ते पहिल्याच पानावर छापावं.

व्यवसायबंधूंनाही एक विनंती. एजंट तोंडी ‘सगळं कव्हर आहे’ म्हणाला, तरी कॅमेऱ्याचं नाव, अनुक्रमांक आणि देश पॉलिसीत छापलेले दिसल्याशिवाय हप्ता भरू नका. नकार मिळाला तर लेखी मागा आणि प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. तोंडी नकारांची मोजदाद कुठेच होत नाही.

‘२०४७पर्यंत सर्वांना विमा’ ही प्राधिकरणाचीच घोषणा आहे. त्या ‘सर्वां’त आम्हीही येतो. आम्ही सवलत मागत नाही, योग्य तो हप्ता भरायला तयार आहोत. आपण फक्त पॉलिसी काढा.

आपला,
पुण्यातील एक छायाचित्रकार