शाहूपुरीचा धडा

राजर्षी शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि करवीरचा गूळ सर्वदूर ख्यातकीर्त झाला. पेठ राजाज्ञेने उभी राहते. तिची पत मात्र व्यापाऱ्यांनी स्वतःला घालून घेतलेल्या मर्यादांवरच टिकते.

आपल्या परंपरेला हा विचार नवा नाही. श्रेणींचे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघांचे, नियम राजाने मानावेत, असे मनू व याज्ञवल्क्य सांगतात. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात विणकरांच्या दोन श्रेणींकडे 3000 कार्षापणांची कायम ठेव ठेवल्याचा आणि तो व्यवहार निगमसभेत नोंदवल्याचा उल्लेख आहे. श्रेणीवर विश्वास होता, तरीही नोंद चारचौघांत झाली!

हे भान जिथे सुटले, तिथे कायद्याला यावे लागले. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवणे, शेतकऱ्याच्या पट्टीतून नाना नावांनी कपात करणे, हे प्रकार देशातील अनेक बाजारांत रूढ होते. त्यांना आळा घालण्यासाठी मुंबई प्रांतात 1939 चा आणि महाराष्ट्रात 1963 चा बाजार समिती कायदा झाला. या कायद्याने कारभार सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती न देता शेतकरी, व्यापारी-अडते आणि हमाल-मापाडी यांच्या प्रतिनिधींकडे सोपवला. कायद्याच्या चौकटीतले हे स्वशासनच होय. ते ढासळले, तर प्रशासक नेमण्याचा अधिकार शासनाला आहेच. पण प्रशासक येणे हा त्या संस्थेचा पराभव असतो.

2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही बाहेरचा गूळ 'कोल्हापुरी' म्हणून खपवला जातो, ही तक्रार वारंवार होत आली आहे. कायद्याने नाव राखून दिले. त्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रव्याची राखण कोण करणार? पेठेतील प्रामाणिक व्यापाऱ्यानेच ती करायला हवी. आपल्या शेजारच्या गाळ्यातील लबाडीकडे तो डोळेझाक करील, तर शंभर कायदेही अपुरे पडतील.

दोष केवळ व्यापाऱ्यांचा नाही. पतसंस्था, दूध संस्था, सहकारी बँका यांचे सभासद आपणच आहोत. वार्षिक सभेत अहवाल न उघडता 'मंजूर, मंजूर' असा गजर करणारा सभासदच कुंपणाला शेत खाण्याची मुभा देत असतो. कायद्याने त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला आहे. तो बजावणे हे राष्ट्रकार्यच आहे.