उस्तादाची पाठ



सकाळी जिते स्टेशनवर रोह्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभे राहिले की आपली पोरे चटकन ओळखू येतात. खांद्याला डब्याची पिशवी आणि शर्टाच्या बाहीवर ठिणग्यांनी पडलेली भोके. कोणी नागोठण्याला उतरणार, कोणी पेणला उतरून डोलवीकडे जाणार. काय काम करतोस म्हणून विचारावे, तर उत्तर एकच, "हेल्पर." पाच वर्षांपूर्वी विचारले तेव्हाही हेल्परच होता.

आमच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, यांची नऊ वर्षे अशीच गेली. एका ठेकेदाराकडे त्यांनी रॉड पुरवले, ग्राइंडर मारला, स्लॅग झाडली. मशीनचा करंट लावायची वेळ आली की उस्ताद त्यांच्याकडे पाठ करून उभा राहायचा. नाहीतर म्हणायचा, "जा, चहा सांगून ये." चहा सांगून येईपर्यंत सांधा पुरा झालेला. उस्तादाला तरी किती बोल लावावा? तोही रोजंदारीवरचाच. शिकवले तर आपल्या जागेवर हाच उभा राहील, ही भीती त्याच्या पोटात.

हे दुखणे जुने आहे. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांचे तिथले म्हणणे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. त्याच भाषणातला कारखान्याचा भाग मात्र फारसे कोणी सांगत नाही. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो, रेल्वेच्या वर्कशॉपात मेकॅनिक किंवा मिस्त्री म्हणून तो क्वचितच दिसतो, हे गाऱ्हाणे त्यांनी तिथे मांडले होते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची दारे आपल्याला बंद होती, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे. म्हणजे घाम गाळायला मनाई नव्हती, मनाई होती ती कसबाला.

दाजींचे नशीब असे की ठेकेदार बदलला आणि नवा उस्ताद मोकळ्या मनाचा भेटला. दोन वर्षांत ते पाइपाच्या सहा-जी परीक्षेला बसले. यात पाइप 45 अंशांवर तिरका पक्का बांधलेला असतो. तो फिरवायचा नाही, वेल्डरनेच भोवती फिरून, वाकून, उताणे होऊन सांधा पुरा करायचा. ही परीक्षा पास झालेल्याला ठेकेदार स्वतः फोन करतात.

आता दर रविवारी घरामागच्या पत्र्याच्या पडवीत दाजी पाच-सहा पोरांना घेऊन बसतात. मशीन जुनेच घेतलेले आहे. पहिले दोन रविवार मशीन चालूच केले नाही, म्हणून पोरे वैतागली. दाजी म्हणाले, "आधी डोळे सांभाळायला शिका." काळ्या काचेशिवाय ठिणगीकडे पाहिले तर त्या क्षणी काही होत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते आणि माणूस तळमळतो. बघायला जमलेल्या लहान मुलांना हा धोका जास्त, म्हणून पडवीला आता गोणपाटाचा आडोसा केला आहे. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपाचा पांढरा धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप भरतो. त्यावर दूध पिण्याचा उतारा सगळीकडे सांगतात, पण दूध पोटात जाते आणि धूर छातीत! मुलामा आधी घासून काढावा, उघड्यावर बसावे, वाऱ्याकडे पाठ करावी. रॉड ओला असेल तर तडतडतो आणि सांध्यात बारीक भोके पडतात. आपल्या कोकणातल्या पावसात हे कोणी सांगितलेच पाहिजे. आणि उस्ताद जो करंट लपवीत होता, तो रॉडच्या पाकिटावर छापलेला असतो! 3.15 मिलिमीटरच्या साध्या रॉडला साधारण 90 ते 130 अँपिअर. नऊ वर्षांचे गुपित हे एवढेच.

लेथ मशीन पडवीत बसणारे नव्हे, परवडणारेही नव्हे. पण व्हर्निअर वाचणे, ड्रॉइंग समजणे, कानस सरळ मारणे याला लेथ लागत नाही. चकची चावी चकमध्येच ठेवून मशीन चालू करू नये, लेथवर हातमोजे घालू नयेत, हे तोंडी सांगूनही बोटे वाचतात. शेजारच्या गावातले एक निवृत्त टर्नरकाका त्यासाठी येऊ लागले आहेत.

असे काम मोठ्या प्रमाणावर झालेले पाहायचे तर पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातले पाबळ आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून 1983 साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुले तिथे वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वीजजोडणी अशी कामे हाताने करीत शिकतात, आणि शिकता शिकता गावाची कामेही करतात. कलबाग 2003 साली गेले, आश्रम चालू आहे.

पण इतक्या लांब तरी कशाला? पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत शिकलेले हात हमरापूर, जोह्याला गेले आणि तिथे घरोघर मूर्ती होऊ लागल्या. म्हणून पेणचा धंदा बुडाला का?

पडवीत भांडणेही आहेत. लाइट बिल कोणी भरायचे, यावर एक रविवार वाया गेला. आमच्या ताईने होल्डर हातात घेतला तेव्हा तर वाडीतल्या वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली. दाजीसुद्धा आधी गप्पच होते, हे आम्ही लपवीत नाही. ताईने हंड्यासाठी तिवई केली. एक पाय तोकडा, तिवई डगमगते. दाजी नीट करून देतो म्हणाले, तर तिने हातही लावू दिला नाही.

सध्या अडले आहे ते व्हर्निअरपाशी. एकच आहे आणि हात बारा. कोणा निवृत्त फिटर-टर्नर बांधवाच्या पेटीत चालू स्थितीतला जुना व्हर्निअर पडून असेल तर आम्हाला जरूर कळवावे. न्यायला दाजी स्वतः येतील, रविवार सोडून.