पाणी आणायला तगाई, पाणी काढायला कोण?

१/ चैत्र-वैशाखात वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतील कृष्णाकाठच्या शिवारांतून गेलात, तर काही रानांवर पांढरी साय धरलेली दिसते. ते मीठ आहे. तिथले शेतकरी अशा जमिनीला मीठफुटी म्हणतात. सरकारी कागदावर तिचे नाव क्षारपड. ज्या काळ्या रानाने वर्षानुवर्षे ऊस दिला, तिथे आता धड गवतही उगवत नाही.

२/ वाळवा आणि तासगाव हे तालुके मूळचे जुन्या सातारा जिल्ह्याचे. पटवर्धनांची संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्हे वेगळे झाले तरी नदी एकच राहिली, हे पुढे लक्षात ठेवा.

३/ शेतकऱ्याला राज्याने भांडवल पुरवावे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १६७६ मध्ये शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. ज्याच्याकडे बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसा द्यावा, पोटाला धान्य द्यावे, आणि वसुली वाढीदिढी न करता, त्याला ऐपत येईल तसतशी करावी, असा त्याचा आशय. या पत्राची वाखाणणी सगळेच करतात. मला त्यातला व्यवहार अधिक महत्त्वाचा वाटतो. रयत उभी राहिली तर मुलूख उभा राहतो, हा त्यामागचा हिशेब आहे.

४/ इंग्रजी अमलात याच तगाईला कायद्याचे रूप मिळाले. १८८३ च्या भूमी सुधारणा कर्ज कायद्याने विहिरी, तळी, बांध यांसाठी कर्जाची सोय केली. पण त्या कायद्यातली ‘सुधारणा’ या शब्दाची व्याख्या नीट वाचा. जमिनीतील पाण्याचा निचरा हीसुद्धा तिथे सुधारणाच मानली आहे! आपल्या स्मरणात मात्र तगाई म्हणजे विहीर एवढेच उरले.

५/ तोवर पाणी शिवारात आलेही होते. कराडजवळ खोडशीचा बंधारा आणि त्यावरचा कृष्णा कालवा १८६० च्या दशकातला. पुढे नीरेच्या डाव्या कालव्यावर पाणथळ जमिनींचा प्रश्न उभा राहिला. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने सिंचनाच्या पद्धती सुधारण्यासाठी एक खास विभाग काढला. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल संशोधन संस्था त्यातूनच वाढली. क्लॉड इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांवरील निचऱ्याचा अभ्यास केला तो याच परंपरेत. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी रोग ओळखला गेला होता, औषधही माहीत होते. नंतर कोयना धरण झाले, उपसा योजना आल्या, उसाचे क्षेत्र वाढले. पाणी आत आणण्याचा उत्साह दांडगा. बाहेर काढण्याचा विषय निघाला की सभा संपते.

६/ काळ्या जमिनीत चिकणमाती फार, म्हणून पाणी लवकर झिरपत नाही. पाटाने भरमसाट पाणी दिले की भूजल वर चढते, उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. जे पाणी निसटते ते क्षारांसोबत युरियाचा अंशही घेऊन ओढ्यात उतरते. ओढा कृष्णेत. आणि सांगली शहर कृष्णेचेच पाणी पिते.

७/ यावर भूमिगत सच्छिद्र पाइपांची निचरा प्रणाली हा उपाय आहे. त्यासाठी सरकारी अनुदानही मिळते. एक आक्षेप नेहमी येतो: ऊसवाल्यांनी स्वतःच्या हातांनी जमीन बिघडवली, तिचा खर्च जनतेने का सोसावा? आक्षेप अर्धा खरा आहे. पण पाणी सोडतो वरच्या अंगाचा शेतकरी आणि मीठ फुटते सखल भागातल्या दीड एकरवाल्याच्या रानात. त्याला कोणत्या न्यायाने दोषी धरायचे?

८/ माझे मत असे, की अनुदानाचे एकक सातबारा नसावे, ओढा असावा. पाणी उतार बघते, गट नंबर बघत नाही. एकाने पाइप टाकले आणि खालचा चर बुजलेला असेल, तर त्याचे मीठ शेजाऱ्याच्या रानात जाते. शिवाय नुसता निचरा केला, तर क्षार नदीत ढकलल्यासारखेच होईल. म्हणून वरच्या अंगाला ठिबक सक्तीचे हवे. केंद्राच्या योजनेत ठिबकला अल्पभूधारकांसाठी ५५ टक्के, इतरांसाठी ४५ टक्के अनुदान आहे. राज्याच्या पूरक मदतीने ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जाते. ही दोन अनुदाने एकमेकांना बांधावीत आणि ओढा नदीला मिळतो तिथे पाणी तपासून पुढचा हप्ता द्यावा. न्यूयॉर्क शहराने १९९७ च्या करारानंतर महागडा गाळणी प्रकल्प टाळून वरच्या खोऱ्यातील शेतांवर पैसा खर्च केला, तोही याच हिशेबाने. सांगलीने कराड-वाळव्याकडे तसे पाहायला काय हरकत आहे?

९/ इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी एक काम. भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावचा जुना नकाशा मिळवा, त्यावरचे ओढे बोटाने शोधा आणि मग तिथे प्रत्यक्ष चालत जा. किती ओढे अजून वाहतात आणि किती नांगराखाली गेले, ते या धाग्याखाली नकाशासह लिहा.