यकृताचे मुकेपण

यकृत म्हणजे जुन्या घरातली थोरली सून. दिवसभर राबेल, पण दुखते-खुपते म्हणून सांगायची नाही. उजव्या बरगड्यांखाली असलेला हा सुमारे दीड किलोचा अवयव पित्त तयार करतो, साखर साठवतो, औषधांचा निचरा करतो. आणि कुरकुरतो तो बहुधा फार उशिरा.

"आम्ही कधी थेंबालाही शिवलो नाही, आमच्या यकृताला काय होणार?" असे आमच्या पनवेलचे पुष्कळ गृहस्थ छातीला हात लावून सांगतात. मी त्यांना शिंप्याची टेप आणायला सांगते. पोटाचा घेर पुरुषाचा 90 सेंटिमीटरच्या वर, बाईचा 80 च्या वर गेला, की न पिणाऱ्याच्या यकृतातही चरबी साठण्याची भीती असते. 2021 साली केंद्र सरकारने हा विकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला, तो उगीच नव्हे.

पनवेलकरांना काढ्यांचे प्रेम वारशानेच मिळाले आहे. धूतपापेश्वर कारखाना 1872 साली इथेच निघाला. पण वैद्याने प्रकृती पाहून दिलेली मात्रा निराळी, आणि शेजारणीने सांगितले म्हणून पेल्याने प्यायलेला काढा निराळा! करोनाच्या दिवसांत घरोघर गुळवेल उकळली. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी, गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हते; गुळवेल निर्धोक आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल अपाय करू शकते, असे त्यांचे म्हणणे. तज्ज्ञांचा वाद तज्ज्ञांपाशी. मला एवढेच दिसते, की कुंपणावरची वेल कोणती हे आपल्याला ओळखता येत नाही.

आमच्या आळीतले अण्णा वर्षभर रोज काढा घेत. वहिनींनी हट्टाने रक्त तपासायला नेले, तेव्हा आकडे वाढलेले निघाले. डॉक्टरांनी काढा बंद करवला; दोन महिन्यांनी आकडे उतरले. अण्णा अजून म्हणतात, "योगायोग हो!"

तापाची गोळी घेतानाही वेष्टण वाचावे. सर्दीच्या कित्येक गोळ्यांतही पॅरासिटामॉलच असते. दोन्ही एकदम घेतल्या की मात्रा नकळत वाढते. काविळीला माळ घालून बसणे तर सोडाच.

फराळाला मी ना म्हणणार नाही. करंजी खावी, डबा मात्र हाताशी ठेवू नये. वजन जास्त असेल तर शेकडा सात ते दहा इतके उतरले तरी यकृतातली चरबी हटते. अण्णा आता रोज संध्याकाळी वडाळे तलावाला फेऱ्या मारतात. वहिनी मागून मोजतात.