कच्चे खावे की शिजवून?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत भाजी-भाकरीपासून मुलांच्या अभ्यासापर्यंत सर्व काही असते. परंतु या आठवड्यात परभणी जिल्ह्यातील एका ताईंचे पत्र आले आणि आम्ही ते दोनदा वाचले. त्यांच्या इच्छेप्रमाणे नाव-गाव देत नाही. पत्राचा मथितार्थ असा :

"धाकटा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे उठून पळतो, दंड-बैठका काढतो. मोबाईलवर कुणा परदेशी पहिलवानाचे पाहून त्याने महिन्याभरापासून कच्ची अंडी आणि न तापवलेले दूध सुरू केले आहे. आता कच्ची कलेजी आणि कच्चे मटण खाणार म्हणतो. एकदा कलेजीचा तुकडा खाल्लाही. शिजवले की ताकद जळून जाते, असे त्याचे म्हणणे. मी नको म्हटले तर म्हणतो, आपले पूर्वज असेच खात होते, तुम्हालाच आता लाज वाटते. थोरली लेक बाळंतपणाला माहेरी आली आहे, सातवा महिना आहे. एकच पाट, एकच सुरी. मला काही सुचत नाही. अडवावे तर पोरगा दुखावतो. न अडवावे तर जीव थाऱ्यावर राहत नाही."

पत्राच्या शेवटी एक ओळ आहे. मुलाने आजीला विचारले, तुम्ही कच्चे खात होता ना? सासूबाई म्हणाल्या, "सरपण नव्हतं तवा बी काटक्या येचल्या, पण कच्चं नाय खाल्लं बाबा. कलेजी इस्तवावर भाजून पोरांच्या हातावर ठेवायचो."

ताई, तुमच्या सासूबाईंनी अर्धे उत्तर दिलेलेच आहे. उरलेले आम्ही देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम मुलाच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. तो "लाज" हा शब्द वापरतो, आणि तो शब्द आपल्या घरात फुकट आलेला नाही. आपल्या माणसांना ताटातल्या अन्नावरून जेवढे हिणवले गेले तेवढे क्वचितच कुणाला हिणवले गेले असेल. शाळेत डबा झाकून खाणारी, भाड्याची खोली मिळावी म्हणून वजडी-मुंडीचा वास लपवणारी माणसे आपण पाहिली आहेत. राज्यात १९७६ च्या कायद्याने गोहत्याबंदी होती. २०१५ साली बैल आणि वळूही त्या कायद्यात आले, आणि गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस गेले. अशा वेळी कुणी छाती काढून मांस खाण्याचा अभिमान सांगू लागला, तर तरुण पोराला तो आपला माणूस वाटतो. हे आम्ही समजू शकतो. मांस खाण्यात लाजण्यासारखे काही नाही, हे आम्हीही म्हणतो.

पण मांस खाणे वेगळे आणि कच्चे मांस खाणे वेगळे. या दोहोंची गल्लत झाली की अभिमानाच्या नावाखाली आजार घरात येतो.

बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत आपल्या लोकांना मेलेल्या ढोराचे मांस सोडा, उष्टे-शिळे मागून खाऊ नका, असे बजावले. त्यांचा रोख गावाने फेकलेल्यावर जगण्याच्या लाचारीवर होता, मांसाहारावर नव्हता. पुढे १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी गोमांसाचा आणि अस्पृश्यतेचा संबंध इतिहास तपासून मांडला. आपल्या आयाबहिणींनी ते मृत मांस टाकले आणि जे मिळेल ते स्वच्छ करून, शिजवून, मुलांच्या ताटात वाढले. चान्या उन्हात वाळवल्या, तरी त्या शिजवूनच खाल्ल्या. रक्ती केली, तीही परतून. आपली परंपरा हीच आहे आणि ती चुलीची आहे. कच्च्या मांसाची परंपरा आपल्यावर बाहेरून कुणी चिकटवू पाहत असेल, तर आपण ती का घ्यावी?

आता धम्माकडे पाहू. मांसाहाराविषयी तथागतांनी टोकाची भूमिका घेतली नाही. भिक्खूंनी जन्मभर मासे-मांस वर्ज्य करावे, अशी मागणी देवदत्ताने केली, ती त्यांनी मान्य केली नाही. आपल्यासाठी मारलेले पाहिले, ऐकले किंवा तसा संशय आला, तर ते मांस भिक्खूने घेऊ नये, एवढाच नियम ठेवला. मात्र दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात श्रमण गौतम ज्या गोष्टी स्वीकारत नाहीत त्यांची यादी आहे आणि तीत कच्चे मांस आहे. कच्चे धान्यही आहे. एक अपवाद विनयात सापडतो. अमनुष्य-बाधा झालेला, म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे झपाटलेला, एक भिक्खू कशानेही बरा होत नव्हता. कच्चे मांस आणि कच्चे रक्त घेतल्यावर तो बरा झाला, म्हणून तेवढ्या आजारापुरती परवानगी दिली गेली. ती आजाऱ्यासाठी दिलेली मोकळीक होती. निरोगी माणसाचा रोजचा आहार म्हणून ती दिलेली नाही.

आणि केसपुत्तच्या कालामांना दिलेला उपदेश तर वर्षावासात आपण दरवर्षी ऐकतो. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा मोठा दिसतो म्हणून मानू नका. हिताचे की अहिताचे ते स्वतः पारखा. तेव्हा मुलाचे म्हणणे याच कसोटीवर घासून पाहू.

पहिला दावा : तो पहिलवान कच्च्या मांसावर तसा झाला. या पंथातला सर्वात गाजलेला अमेरिकन माणूस 'लिव्हर किंग' या नावाने ओळखला जातो. कच्ची कलेजी खाताना तो कॅमेऱ्यासमोर असे, आणि शरीर औषधाविना कमावल्याचे सांगत असे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने स्वतःच कबूल केले की तो स्टेरॉईड घेत होता. ज्या शरीराकडे पाहून आपला पोरगा ताट बदलतो, त्या शरीराची खरी गोष्ट ही.

दुसरा दावा : शिजवले की ताकद जाते. कच्च्या अंड्यातील प्रथिने आपले शरीर किती पचवते, हे १९९८ साली बेल्जियममधील संशोधकांनी मोजले. शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९१ टक्के प्रथिने पचली, कच्च्यातील सुमारे ५१ टक्के. म्हणजे चार कच्ची अंडी पिणारा जवळजवळ दोन अंडी वाया घालवतो. शिवाय कच्च्या पांढऱ्या बलकातील एक द्रव्य बायोटिन नावाचे जीवनसत्त्व अडवून धरते. ते द्रव्य उष्णतेने निकामी होते. कलेजीतील लोह शिजवल्याने उडून जात नाही, अ जीवनसत्त्वही बरेचसे टिकते. काही जीवनसत्त्वे थोडी घटतात हे खरे, पण ती रश्श्यात उतरतात आणि रस्सा आपण भाकरी कुस्करून खातोच.

तिसरा दावा : जगात काही लोक कच्चे खातातच. खरे आहे. ध्रुवाकडचे इनुइट लोक खातात. तिथे भाजीपाला नाही, आणि कच्च्या कलेजीतून त्यांना क जीवनसत्त्व मिळते. तरी अस्वल आणि वॉलरस यांच्या मांसातून होणाऱ्या कृमिरोगाने तिथेही माणसे आजारी पडतात. तो कृमी मांस गोठवूनही मरत नाही. इथिओपियात कच्चे मांस सणाचे अन्न आहे, आणि पोटातला चपटा जंत पाडण्यासाठी कोसो नावाच्या झाडाच्या फुलांचे औषध घेण्याची तिथे जुनी रीतच आहे. कच्चा मासा खाणारा, स्वच्छतेत पुढे असलेला जपान घ्या. २०११ साली तिथे एका उपाहारगृहाच्या शाखांतून कच्चे गोमांस खाल्लेल्या पाच जणांचा मृत्यू झाला. जुलै २०१२ मध्ये सरकारने गाई-बैलांची कच्ची कलेजी विकण्यास बंदी केली, २०१५ साली कच्च्या डुकराच्या मांसावरही. जिथे शीतगृहाची साखळी आहे तिथे ही गत. आपल्याकडे मटण सकाळी कापलेले, उघड्यावर टांगलेले आणि पिशवीतून घरी आलेले असते.

आता तुमच्या काळजीच्या मुद्द्यावर येतो. ताई, ही गोष्ट एकट्या मुलाची नाही.

न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो. ताप येतो-जातो, सांधे धरतात, घाम फुटतो आणि निदान लवकर लागत नाही. गुरांचा क्षयही त्याच वाटेने येऊ शकतो. कोंबडीच्या कच्च्या मांसात आणि कलेजीत जुलाबाचे जंतू नेहमी आढळतात, अंड्यातही असू शकतात. कोंबडी गावरान असली म्हणून ते टळत नाहीत. बोकडाच्या कच्च्या मांसात टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी असू शकतो. धडधाकट तरुणाला त्याची जाणीवही होणार नाही. पण गरोदर बाईला त्याची बाधा झाली, तर पोटातल्या बाळाच्या डोळ्यांना आणि मेंदूला इजा होऊ शकते. लेक कच्चे खात नाही हे खरे, पण त्याच सुरीने तिची काकडी चिरली तर?

काही घरांत डुकराचे मांस येते, म्हणून तेही सांगतो. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून पट्टकृमी, म्हणजे लांब चपटा जंत, पोटात वाढतो. त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडतात. हात नीट धुतले नाहीत तर ती घरातल्या दुसऱ्याच्या अन्नात जातात. मग त्या दुसऱ्याच्या मेंदूत गाठी होतात आणि त्याला फिट येऊ लागतात. ज्याने आयुष्यात डुकराचे मांस चाखले नाही त्यालाही हे होते.

तेव्हा काय करावे?

एक, पोराशी भांडू नका आणि इतरांसमोर त्याला हिणवू नका. त्याला भरतीसाठी ताकद हवी आहे, ती मागणी रास्त आहे. तीच त्याला शिजवून द्या. रोज उकडलेली अंडी, तापवलेले दूध, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, ज्वारीची भाकरी, डाळ आणि वर लिंबू. आठवड्यातून एकदा परतलेली कलेजी, कापल्यावर आत लाल न दिसणारी. जमेल तेव्हा मटणाचा रस्सा. चांगली झोपही घेऊ द्या. गरोदर लेकीला मात्र कलेजी वारंवार देऊ नका. तिच्यातले अ जीवनसत्त्व जास्त झाले तर बाळाला अपाय होतो. तिच्यासाठी डॉक्टरांना विचारा.

दोन, आजपासून मांसाचा पाट आणि सुरी वेगळी ठेवा. मांस नळाखाली धुऊ नका, शिंतोडे सगळीकडे उडतात. पातेल्यात पाणी घेऊन धुवा आणि मग हात साबणाने धुवा. मांस आणल्यावर लगेच चुलीवर जाऊ द्या. रस्सा खळखळून उकळला आणि तुकडा आतपर्यंत शिजला की हे जंतू आणि कृमी मरतात.

तीन, त्याने महिनाभर कच्चे दूध घेतले आहे, कच्ची कलेजीही खाल्ली आहे. ताप, सांधेदुखी, जुलाब, वजन घटणे यांपैकी काही दिसले तर सरकारी दवाखान्यात न्या आणि काय कच्चे खाल्ले ते स्पष्ट सांगा. इथे आम्ही जरा आग्रहाने लिहितो. आपली माणसे दवाखान्यात काय खाल्ले ते सांगताना खाली पाहतात, मटणाला भाजी म्हणतात. डॉक्टर नाक मुरडेल ही भीती असते. त्यामुळे आजार कळत नाही. लेकीच्या तपासणीच्या वेळीही घरात कच्चे मांस हाताळले जाते, हे सांगून टाका.

चार, हे पत्र मुलाला वाचायला द्या. त्याला पटले नाही तर त्याने आम्हाला लिहावे. कालामांनी शंका घेतली म्हणून तथागत रागावले नव्हते, शंका घेणे योग्यच आहे असे ते म्हणाले. त्याच्या शंकेलाही आम्ही याच जागी उत्तर देऊ.

आणि सासूबाईंना आमचा जयभीम सांगा. निखाऱ्यावर भाजलेल्या कलेजीचा तो घास नातवाने एकदा त्यांच्या हातून खाऊन पाहावा, एवढी त्यांच्याकडून विनंती करवून घ्या. सरपण नसताना काटक्या वेचणाऱ्या बाईचा शब्द मोबाईलवरच्या पहिलवानापेक्षा जड आहे, असे आम्हाला वाटते.

लेकीचे बाळंतपण सुखरूप होवो आणि मुलाला भरतीत यश मिळो. दोन्ही बातम्या आम्हाला जरूर कळवा.

जयभीम.