कोमट म्हणजे बेचव नव्हे

इंग्लंडातील पिंपातली एल म्हणजे ‘कोमट, फेस मेलेली बिअर’, असा निकाल तिकडून परतलेली मंडळी ठणकावून देतात. तो आम्हांस साफ अमान्य आहे.

यॉर्कशरमधील मॅशम गावची ‘ओल्ड पेक्युलियर’ घ्या. १८२७ साली स्थापन झालेल्या थीकस्टन यांच्या कारखान्याची ही एल, मद्यार्क ५.६ टक्के. पिंपात भरल्यावरही ती आंबत राहते. तिचे बुडबुडे त्यातूनच येतात, वरून वायू कोंबून नव्हे. ती साधारण १२ अंश सेल्सियसला देतात. याला कोमट म्हणत नाहीत. हा तळघराचा गारवा. बर्फाने जीभ बधिर केल्यावर चव कसली कळणार? उघडलेले पिंप मात्र तीन-चार दिवसांत संपवावे लागते. शिळी एल मिळाली तर दोष तळघर सांभाळणाऱ्याचा, प्रकाराचा नव्हे.

आम्ही ती सावकाश प्यायलो. रंग काळपट तांबडा. आधी काळ्या मनुकांचा गोडवा, मग काकवीसारखा खरपूस दाटपणा, शेवटी जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा बेताचा कडवटपणा. मद्याची ऊब त्यानंतर, छातीत.

आणि नाव? ‘पेक्युलियर’चा अर्थ ‘विचित्र’ असे सांगणाऱ्यांनी स्पेलिंगही नीट वाचलेले नाही. स्थानिक बिशपच्या अधिकारकक्षेबाहेरील धर्मक्षेत्राची ती संज्ञा. मॅशम तसे क्षेत्र होते. या एललाही लागरचा कायदा लागू नाही. ओवीत काफिया शोधणारा समीक्षक आपण वर्गात खपवून घेत नाही. मग पेल्यापाशी का घ्यावा?