रानाप्रमाणे वाफा, पडद्याप्रमाणे पान



आमचे थोरले मामा कोरेगाव तालुक्यात हळद करतात. गेल्या चैत्रात हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून झाली आणि गावात आलेल्या एका व्यापाऱ्याला त्यांनी ती देऊन टाकली. पुढच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा बोलता बोलता दर निघाला आणि मी चपापलोच. त्या दिवशीचा सांगलीचा सर्वसाधारण दर माझ्या लक्षात होता. मामांनी त्याहून क्विंटलमागे हजारभर रुपये कमी घेतले होते.

"मामा, दर न बघताच दिली की काय?" मी विचारले.

"अरं, बघूनच दिली की. मोबाइलात बघितला. व्यापारी तर त्याच्याहून पन्नास रुपये जादाच देत हुता."

मामांनी मोबाइल काढून ते पान दाखवले. दरांचा तक्ता होता. शेतमाल, आवक, किमान दर, आणि तिथे पडद्याचा काठ आला. कमाल दर आणि सर्वसाधारण दर हे दोन रकाने काठाच्या पलीकडे राहिले होते. बोटाने सरकवून पाहिले, तर पान जागचे हलेना. वर बारीक अक्षरात 'किमान' असे लिहिले होते हे खरे. पण डोळ्यांपुढे एकच आकडा असला की माणूस त्यालाच दर समजतो. पुढे काही आहे हेच ज्याला दिसत नाही, त्याने ते शोधावे तरी कसे?

संध्याकाळी तेच पान पुतणीने संगणकावर उघडले. ती सांगलीला संगणकाचे शिक्षण घेते. तिथे पाचही रकाने ठळक, एका ओळीत, शिस्तीने उभे! ती म्हणाली, "काका, ज्यानं हे पान केलं, त्यानं ते टेबलावरच्या मोठ्या पडद्यावरच बघितलं असणार. त्याच्यापुरतं ते बरोबर आहे."

ते पान कोणाचे हे मी सांगत नाही. कोणाला नावे ठेवायची नाहीत. अशी चूक का होते आणि ती कशी टाळायची, तेवढे आज पाहू. कारण आता आपली मुले-मुलीही पाने करू लागली आहेत. कोणी बचत गटाच्या हळद पुडीचे, कोणी बेदाण्याचे, कोणी महाबळेश्वरकडच्या स्ट्रॉबेरीचे.

छापील पान आणि पडद्यावरचे पान

किर्लोस्करवाडीहून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. ते वाडीत वाचा नाही तर नागपुरात वाचा, पानाची रुंदी तीच. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याने रकान्याची रुंदी एकदा ठरवली की काम झाले. वाचणाऱ्याच्या घरी जाऊन कागद काही लहान होत नाही.

1998 साली वारणेच्या खोऱ्यात एक मोठा प्रयोग झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील 70 गावांना संगणकाने जोडण्याचे काम तेव्हा सुरू झाले. ऊस उत्पादकाने गावातल्या केंद्रावर जायचे आणि माहिती घ्यायची. त्या वेळी संगणक टेबलावरच असे, आणि त्याचे पडदेही फार वेगवेगळ्या मापांचे नसत.

पुढे मोबाइलवर इंटरनेट आले. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ सुरू झाल्यावर ते स्वस्त झाले आणि वाड्यावस्त्यांवर पोचले. आता तेच पान कोणी टेबलावर पाहतो, कोणी बांधावर बसून हातातल्या मोबाइलवर. पानाची रुंदी 'पिक्सेल' या मापात मोजतात. टेबलावरचा पडदा 1366 किंवा 1920 पिक्सेल रुंद असतो. उभा धरलेला मोबाइल पानाच्या हिशेबात साधारण 360 ते 430 भरतो. म्हणजे एकाच मजकुराला एकीकडे माळरान, तर दुसरीकडे पायवाट!

कंटेनर म्हणजे पानातला वाफा

पाण्याला वाफा लागतो, तशी मजकुराला चौकट लागते. या चौकटीला संगणकवाले 'कंटेनर' म्हणतात. चित्र, मजकूर, तक्ता, बटण, सगळे कोणत्या ना कोणत्या कंटेनरमध्ये बसवलेले असते. थोरल्या कंटेनरच्या पोटात धाकटे कंटेनर असतात, जसे रानात वाफे.

आता वाळव्याच्या काळ्या सपाट रानात आपण लांबरुंद वाफे पाडतो. पाटणच्या डोंगरउतारावर टप्प्याटप्प्याच्या अरुंद पट्ट्या असतात. वाळव्याचे माप घेऊन कोणी पाटणच्या पट्टीत वाफा पाडू लागला, तर अर्धा वाफा पट्टीखाली लोंबेल आणि पाणी वाहून जाईल. मामांच्या पानाचे नेमके हेच झाले होते. त्याचा बाहेरचा कंटेनर ठराविक रुंदीचा होता, आणि वर अशी आज्ञा दिलेली होती की काठाबाहेर जाईल ते दाखवू नये. म्हणून दोन रकाने कापले गेले आणि पान सरकतही नव्हते.

एके काळी 960 पिक्सेल रुंदीची ठराविक चौकट घेण्याची चालच होती. 2010 साली ईथन मार्कोट या अमेरिकन पान-रचनाकाराने एका लेखात वेगळी वाट दाखवली. त्याने तीन गोष्टी एकत्र आणल्या. चौकटींची रुंदी पिक्सेलमध्ये न देता हिश्श्याने द्यावी. चित्रे चौकटीप्रमाणे आक्रसावीत. आणि पडद्याची रुंदी पाहून मांडणी बदलावी. या रीतीला 'रिस्पॉन्सिव्ह' रचना म्हणतात. रान पाहून वाफा पाडणे, एवढाच त्याचा अर्थ.

बारा हिश्शांचा हिशेब

हिस्से पाडायचे कसे? 2011 साली ट्विटर कंपनीतल्या मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन यांनी 'बूटस्ट्रॅप' नावाचे तयार साहित्य सर्वांना फुकट खुले केले. त्यात पानाच्या रुंदीचे 12 हिस्से धरतात. 12 च का? तर 12 ला 2 ने, 3 ने, 4 ने आणि 6 ने भाग जातो. डझनाची वाटणी कशी सोपी, तसेच हे.

समजा, पानावर तीन चौकटी आहेत: हळदीचे चित्र, दर आणि मागणीचा फोन नंबर. मोठ्या पडद्यावर प्रत्येकीला 4 हिस्से दिले की तिघी शेजारी-शेजारी बसतात. मोबाइलवर प्रत्येकीला पुरते 12 हिस्से द्यायचे. मग त्या एकीखाली एक उतरतात. वाफे तेच, फक्त आडवे मांडले होते ते उभे झाले. पण खाली उतरताना क्रम लिहिल्याप्रमाणे राहतो. म्हणून गिऱ्हाइकाला आधी काय हवे ते आधी लिहावे. चित्र सुंदर असले तरी दर आणि फोन नंबर त्याच्या फार खाली ढकलू नये.

आता बूटस्ट्रॅपवाचूनही हे करता येते. 'फ्लेक्स' नावाच्या रीतीत जागा संपली की पुढची चौकट आपोआप खालच्या ओळीत उतरवता येते. 'ग्रिड' या रीतीत उभे-आडवे रकाने आखून घेता येतात. 2017 पासून ती सर्व प्रमुख ब्राउझरांत चालते.

मुलामुलींनी एवढे जरूर करावे

1. पानाच्या माथ्याला 'व्ह्यूपोर्ट'ची ओळ घालावी. ती नसली, तर मोबाइल पानाला सुमारे 980 पिक्सेल रुंद समजतो आणि सगळे पान आक्रसून दाखवतो. मग अक्षरे मुंगीएवढी होतात.

2. बाहेरच्या कंटेनरला ठराविक रुंदी देऊ नये. रुंदी 100 टक्के द्यावी आणि कमाल रुंदी, म्हणजे 'मॅक्स-विड्थ', 1140 किंवा तुम्हाला जमेल ती घालावी. मग लहान पडद्यावर पान मावते आणि मोठ्या पडद्यावर ओळी फार लांबत नाहीत. थोरला वाफा चुकला की आतले धाकटे वाफे चुकणारच, म्हणून सुरुवात इथून.

3. मजकूर काठाला चिकटू देऊ नये. दोन्ही बाजूंना 16 पिक्सेलची मोकळी जागा सोडावी. वाफ्याला वरंबा हवाच.

4. चित्राची कमाल रुंदी 100 टक्के ठेवावी. एकटे मोठे चित्रसुद्धा सगळे पान ओढून रुंद करते.

5. तक्ता असेल तर त्याला स्वतंत्र कंटेनर द्यावा आणि तेवढाच आडवा सरकेल असे करावे. 'पुढे आणखी आहे' अशी खूण काठाला ठेवावी. त्याहून बरे म्हणजे मोबाइलवर प्रत्येक ओळीचे वेगळे कार्ड करावे: वर 'हळद', खाली सर्वसाधारण, किमान आणि कमाल दर, एकाखाली एक, आणि शेजारी 'रुपये प्रति क्विंटल'.

6. काठाबाहेरचे झाकण्याची आज्ञा घालून मोकळे होऊ नये. ती दुखणे बरे करीत नाही, नुसते झाकते.

आणि शेवटचे, सर्वांत मोलाचे. पान आधी मोबाइलवर करावे, मग संगणकासाठी वाढवावे. लहान वाफा साधला की मोठा साधायला वेळ लागत नाही.

वाचणाऱ्यांनी काय करावे

घरातल्या वडीलधाऱ्यांनीही एक सवय लावून घ्यावी. तक्त्यात एकच दर दिसला तर थांबावे. मोबाइल आडवा धरून पाहावा. पडदा आपोआप फिरण्याची सोय चालू असली की आणखी रकाने दिसतात. तरीही कापलेले वाटले, तर क्रोममध्ये वरच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवून 'डेस्कटॉप साइट' निवडावे. अक्षरे बारीक होतील, पण बहुतेक वेळा सगळा तक्ता पुढे येईल. मग दोन बोटांनी मोठा करून वाचावा. आणि व्यवहार ठरवण्याआधी बाजारात एक फोन करावा. फोनला खर्च येत नाही, न केल्याचा येतो.

मामांचे गेलेले पैसे काही परत आले नाहीत. पण पुतणीने त्यातून एक गोष्ट घेतली. दिवाळीत तिने आमच्या वहिनींच्या बचत गटाच्या हळद पुडीचे पान केले आणि कोणाला दाखवण्याआधी मामांच्या हातात दिले. मामांचा मोबाइल जुना, पडद्याला तडा गेलेला. त्यांनी चष्मा लावला, पान वर सरकवले, खाली सरकवले, आडवे धरून पाहिले.

"दर दिसतोय," मामा म्हणाले. "पर किलोचा का अर्ध्या किलोचा, ते कुठं हाय?"

पुतणी ओशाळली. ते लिहायचेच राहून गेले होते. तिने तिथल्या तिथे लिहिले आणि पुन्हा मोबाइल पुढे केला.

"आता बरं," मामा म्हणाले.

तुमच्या घरी कोणी पान करीत असेल, तर त्यालाही हेच सांगा. पान झाले की आधी घरातल्या सर्वांत जुन्या मोबाइलवर, घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाला दाखव. त्याला दिसले, तर सगळ्यांना दिसेल.